लुगानोत एक दिवस बिटकॉइनवर : सांगलीच्या एका किराणा दुकानदाराचा अभिप्राय

सांगलीत गावभागात आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी घातलं, मी एकतीस वर्षं गल्ल्यावर बसतोय. धाकटा मुलगा झ्युरिकला नोकरीला आहे. मे २०२५ मध्ये आम्ही दोघं तीन आठवडे त्याच्याकडे राहून आलो. तिथे असताना एक अख्खा दिवस लुगानो नावाच्या गावात फक्त बिटकॉइनने, म्हणजे कुठल्याही सरकारचं किंवा बँकेचं नसलेल्या, निव्वळ इंटरनेटवरच्या चलनाने, खर्च करून पाहिला. त्या सोयीबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हा अभिप्राय.

मुळात हे खूळ माझं नाही, पुतण्याचं. तो पुण्यात नोकरीला आहे आणि करोनाच्या काळापासून दर महिन्याला थोडं थोडं क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी चलनं, घेतो. सणाला घरी आला की आमचा वाद ठरलेला. तो म्हणतो, पंधरा-वीस वर्षांत तुमच्या गल्ल्यात नोटा नसतील, बिटकॉइन असेल. मी म्हणतो, नसेल. आम्ही निघालो तेव्हा त्याने हट्टच धरला, "काका, जगात जिथे ही सोय सगळ्यात चांगली आहे तिथे तुम्ही चाललाय. एकदा वापरून बघा, मग बोला." म्हणणं रास्त होतं. न वापरलेल्या मालाला नावं ठेवणारं गिऱ्हाईक मलाही आवडत नाही.

लुगानो हे स्वित्झर्लंडच्या दक्षिणेचं, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो प्रांतातलं तळ्याकाठचं शहर. मार्च २०२२ मध्ये नगरपालिकेने टेदर या कंपनीबरोबर 'प्लॅन बी' नावाची योजना जाहीर केली. गावातल्या दुकानांनी बिटकॉइन घ्यावं, नगरपालिकेची बिलंही त्यात भरता यावीत, असा बेत. आज साडेतीनशेहून जास्त दुकानं, हॉटेलं त्यात आहेत, मॅकडोनाल्डसुद्धा आहे. डिसेंबर २०२३ पासून तिथला माणूस नगरपालिकेचा करदेखील बिटकॉइनमध्ये भरू शकतो. म्हणजे सरकार विरोधात, कायदा आड येतो, अशी कुठलीच सबब तिथे उरत नाही. वापरायचं ठरवलं तर सगळे दरवाजे उघडे आहेत.

आदल्या रात्री मुलाने माझ्या मोबाइलवर वॉलेटचं, म्हणजे बिटकॉइन ठेवायच्या पाकिटाचं, ॲप टाकलं आणि दीडशे फ्रँकचं बिटकॉइन भरलं. ॲपने पहिल्यांदा इंग्रजीतले बारा शब्द दाखवले. हे कागदावर लिहून ठेवा, मोबाइल हरवला तर या बारा शब्दांनीच पैसे परत मिळतील, असं सांगितलं. सौ.ने ते आपल्या डायरीच्या शेवटच्या पानावर देवनागरीत लिहून काढले. मुलगा म्हणाला, आई, स्पेलिंग तंतोतंत लागतं, एक अक्षर चुकलं तरी चालत नाही. मग त्याने शेजारी इंग्रजीत लिहून दिले. तिने विचारलं, "आणि ही डायरीच हरवली तर कुणाकडे जायचं?" कुणाकडेच नाही. शाखा नाही, मॅनेजर नाही, तक्रारवही नाही. तिने ती डायरी पर्समधून काढून मुलाच्या कपाटात ठेवली आणि लुगानोत दिवसभरात दोनदा मला आठवण करून दिली, की आपले शब्द घरी आहेत.

झ्युरिकहून लुगानो रेल्वेने दोनेक तास. मधे गोटहार्डचा सत्तावन्न किलोमीटरचा बोगदा लागतो. अंधारातून बाहेर पडलं की हवा बदलते, घरांचे रंग बदलतात, स्टेशनावरच्या पाट्या जर्मनच्या इटालियन होतात.

पहिली खरेदी कॉफीची. साडेचार फ्रँक, म्हणजे आपले साडेचारशेच्या पुढे, पण ते राहू दे. काउंटरवरच्या मुलीने हातातल्या मशीनवर रक्कम टाकली, पडद्यावर चौकोनी कोड आला. मी मोबाइल धरला, बोट दाबलं. मनात मोजत होतो. एक, दोन, आणि तिच्या मशीनवर हिरवी खूण आली. खरं सांगतो, मी चकित झालो. बिटकॉइनला दहा मिनिटं लागतात असं ऐकून गेलो होतो. मुलाने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. बिटकॉइनची मुख्य खतावणी साधारण दर दहा मिनिटांनी लिहिली जाते आणि सेकंदाला सातेक व्यवहारच तिच्यात मावतात. म्हणून तिच्यावर 'लाइटनिंग' नावाची दुसरी व्यवस्था बसवली आहे. दोघांनी आपसात चालू खातं ठेवायचं, रोजची देवघेव त्यात मांडायची आणि खातं मिटवताना शेवटची बाकी तेवढी मुख्य खतावणीत चढवायची. आमच्या आणि ठोक व्यापाऱ्याच्या खात्यासारखंच हे. मला लगेच पटलं. फीही जवळजवळ नाहीच. वेगाला आणि खर्चाला पैकीच्या पैकी गुण देतो, त्यात हातचं राखत नाही.

तरी त्या मशीनकडे बघताना एक गोष्ट डोळ्यांत राहिली. भिंतीवरच्या दरफलकावर फ्रँक. मशीनवर मोठ्या आकड्यात फ्रँक. पावतीवर फ्रँक. फक्त माझ्या मोबाइलवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, सुमारे पाच हजार दोनशे सातोशी. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग केले की एक सातोशी. कॉफी पाच हजार दोनशेला स्वस्त की महाग, हे मला सांगता येईना. त्या मुलीलाही येत नव्हतं.

दुपारी दुसऱ्या एका कॅफेत बसलो. दारावर बिटकॉइनचा स्टिकर होता म्हणूनच आत शिरलो. खाणं झाल्यावर वाढणाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी ते मशीन कधी हातात धरलंच नव्हतं. आतून दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं. त्यांनी कोड काढला, पण मशीनचं नेट अडकलं आणि तोवर कोडची मुदत संपली. पुन्हा काढला, पुन्हा तेच. मागे चार माणसं उभी. शेवटी मुलाने खिशातून नोट काढली. बाईंना अपराध्यासारखं वाटत होतं, त्यांनी सौ.ला दोन बिस्किटं बांधून दिली. माणसं चांगली होती. पण रोज वीसजण तसे पैसे देत असते तर मशीन त्यांच्या हातात बसलं असतं. आमच्याकडे यूपीआयचा साउंडबॉक्स बंद पडला तर दुकानातला पंधरा वर्षांचा पोऱ्यासुद्धा चालू करतो, कारण दिवसाला दीडशे वेळा तो वाजतो.

त्यानंतर एका छोट्या दुकानात शिरलो. काचेच्या वस्तू, स्कार्फ, चुंबकाची खेळणी असा माल. मालक माझ्याच वयाचे, चष्मा कपाळावर. सौ.ने नातीसाठी एक स्कार्फ घेतला, बिटकॉइनने पैसे दिले, झटक्यात झालं. मीही दुकानदार आहे म्हटल्यावर ते मोकळे झाले. मुलगा मधे दुभाषा. मी विचारलं, आठवड्याला असे पैसे किती जण देतात? म्हणाले, एखाददुसरा, आणि तोही बहुधा तुमच्यासारखा पाहुणा. गावातले? गावातले कार्ड, नाहीतर ट्विंट, नाहीतर रोख. ट्विंट म्हणजे तिथलं यूपीआय समजा. मी विचारलं, मग आलेलं बिटकॉइन तुम्ही ठेवता का? ते हसून म्हणाले, मला माल फ्रँकमध्ये आणायचा असतो, भाडं फ्रँकमध्ये, त्यामुळे ते थेट फ्रँक होऊनच खात्यात येतं. त्या मशीनमध्ये तशी सोयच असते, दुकानदाराने काय घ्यायचं ते निवडावं.

इथे मला पहिल्यांदा पुतण्याला द्यायचं उत्तर सापडायला लागलं. मी फ्रँक देऊन बिटकॉइन घेतलं, मालकांनी बिटकॉइन देऊन फ्रँक घेतले. मधल्या दोन सेकंदांपुरतं ते चलन झालं. नगरपालिकेने आपलं एक टोकन, म्हणजे मोबाइलवरचं नाणं, काढलं आहे, एलव्हीजीए नावाचं. खरेदीवर काही टक्के परत मिळतात ते त्यात मिळतात. ते टोकनही फ्रँकलाच बांधलेलं आहे. क्रिप्टोवर एवढा जीव असलेल्या शहरालाही रोजच्या वापराचं टोकन काढताना खुंटी फ्रँकचीच लागली.

तळ्याकाठी चानी नावाची सुंदर बाग आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे सातोशी नाकामोतोचा पुतळा बसवला. बिटकॉइन काढणाऱ्याने हेच नाव घेतलं होतं, तो कोण हे आजवर कुणाला कळलेलं नाही. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेला, डोक्यावर टोपडं ओढलेला माणूस, उभ्या धातूच्या पट्ट्यांचा बनवलेला. बाजूने पाहिला तर अख्खा दिसायचा. बरोबर समोर येऊन उभं राहिलं, की पट्ट्यांच्या फक्त कडा उरायच्या आणि माणूस नाहीसा होऊन पलीकडचं तळं दिसायचं. सौ. तीन-चार वेळा इकडून तिकडे गेली. तिला तो फार आवडला. मलाही आवडला.

त्या बाकावर बसून मी मुलाशी बराच वेळ बोललो. या सातोशीने ऑक्टोबर २००८ मध्ये नऊ पानांचा कागद प्रसिद्ध केला, बँका बुडत होत्या त्या दिवसांत. मधल्या कुणावर विश्वास न ठेवता एकाने दुसऱ्याला पैसे देता यावेत, एवढंच त्याचं म्हणणं. ते मला परकं वाटत नाही. आमच्या भागातली एक सहकारी बँक बुडाली तेव्हा माझ्या आईची ठेव तिच्यात होती. बाबा गेल्यावर आलेले पैसे. लाखापर्यंतचे विम्यातून मिळाले, वरच्यासाठी ती अखेरपर्यंत फेऱ्या मारत राहिली. पावती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची, दर सोमवारी काढून बघायची. नोटाबंदीच्या वेळी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, गल्ल्यातल्या पाचशे-हजाराच्या नोटा एका रात्रीत कागद झाल्या, तेही मी पाहिलं आहे. बँकेशिवायचा पैसा हवा असं ज्याला वाटतं त्याला मी वेडा म्हणणार नाही. मी स्वतः त्या रांगेत उभा राहिलोय.

मुलाच्या घरी त्याचा एक अर्जेंटिनाचा सहकारी जेवायला आला होता. त्याच्या देशात २०२३ साली महागाई वर्षाला दोनशे टक्क्यांच्या वर गेली. त्याची आई पगाराचे पेसो हातात आले की त्याच दिवशी त्यांचं यूएसडीटी करते. यूएसडीटी म्हणजे टेदर कंपनीचं टोकन, एकाची किंमत एक डॉलर राहावी अशी रचना. व्हेनेझुएलातही लोक असंच करतात, नायजेरियातही. ज्याच्या देशाचं चलन हातात वितळतं त्याच्यासाठी हे औषध आहे, आणि ते काम करतं. दुबईहून किंवा झ्युरिकहून घरी पैसे पाठवतानाही ते स्वस्त पडू शकतं. इथे मी पुतण्याला पूर्ण गुण देतो. पण ती माऊली ज्याच्यावर विश्वास टाकते तो अखेर डॉलरच आहे. क्रिप्टो तिथे पाइपासारखं आहे, आतून वाहतोय तो दुसऱ्याचा पैसा.

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाचं उदाहरण पुतण्याच नेहमी द्यायचा. त्या देशाने ७ सप्टेंबर २०२१ ला बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं. सरकारने 'चिवो' नावाचं वॉलेट काढलं, ते घेणाऱ्याला तीस डॉलर फुकट दिले. लोकांनी तीस डॉलर खर्च केले आणि बहुतेकांनी पुन्हा ते ॲप वापरलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १४० कोटी डॉलरच्या कर्जाच्या अटींपायी, तिथल्या संसदेने कायदा बदलला. आता घ्यायचं की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर आहे. सक्ती केली तरी लोक आले नाहीत, आणि लुगानोत सक्ती नसून सगळी सोय आहे तरी येत नाहीत. दोन्ही बाजूंनी करून झालं.

आता आपल्याकडचं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. दुकानदाराला त्यावर जानेवारी २०२० पासून शुल्क नाही. जलद नि फुकट, ही जी बिटकॉइनची जमेची बाजू, ती भारतात आधीच भरून निघाली आहे. शिवाय एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, आणि जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेच्या वर एक टक्का टीडीएस. बिटकॉइन देऊन साखर घेतली तर कायद्याने ती बिटकॉइनची विक्रीच झाली. पाच किलो साखरेसाठी नफ्याचा हिशेब कोण मांडणार? पण मी करावर जास्त बोट ठेवत नाही. कर उद्या काढतील. लुगानोत राहणाऱ्या सामान्य माणसाला बिटकॉइनच्या नफ्यावर कर द्यावा लागत नाही, तरी तो कॉफीला कार्डच काढतो.

माझ्या मते अडचण दुसरीकडे आहे. माझ्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनचा शिक्का मारून घ्यावा लागतो. हळदीचा भाव वर-खाली होतो, गुळाचा होतो, त्याच्यावर तर आमचा धंदा. पण किलो हलून चालत नाही. सकाळी हजार ग्रॅमचा किलो आणि संध्याकाळी नऊशेचा, असं झालं तर मी काय तोलणार? आम्ही होतो त्या दिवसांत बिटकॉइन लाख डॉलरच्या वर होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सव्वा लाखाच्या वर गेलं आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पंच्याऐंशी हजारांच्या खाली उतरलं. ज्याने ते विकत घेऊन ठेवलं त्याच्यासाठी ही कमाई किंवा नुकसान. माझ्या दृष्टीने मापच हललं.

आणि माप हलल्याचा खरा चटका रोखीत बसत नाही, उधारीत बसतो. आमच्या धंद्याचा निम्मा जीव उधारीत आहे. उसाचं बिल निघालं की देतो, पगार झाला की देतो, मुलीचं लग्न उरकलं की देतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं, वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. यूपीआय नाही, एटीएम नाही. बिटकॉइन असतं तर तेही चाललं नसतं. माळ्यावर ठेवलेलं पीठ, तांदूळ, मेणबत्त्या मी आठ दिवस वहीवर दिल्या. पानं दमट झाली होती, बॉलपेन उठत नव्हतं, पेन्सिलीने लिहिलं. दिवाळीपर्यंत जवळजवळ सगळे पैसे आले. रुपया तोच होता, म्हणून पाण्यात लिहिलेला आकडा दिवाळीलाही खरा होता. आता गुढीपाडवा २०२५ ला कुणी सहा हजारांचा माल सातोशीत लिहून नेला असता, तर २२ मेला त्याला आठ हजारांच्या वर द्यावे लागले असते. गरीब माणूस नुसता मेला असता. तो तरी पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढला असता का?

लुगानोला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. हौस म्हणून जरूर करा, मजा येते. लाइटनिंग चालणारं वॉलेट घ्या, साधं बिटकॉइनचं नको. पन्नास-साठ फ्रँक पुरे, मी दीडशे भरले ते जास्त झाले. स्टिकर पाहून आत जा, पण मागवण्याआधी विचारा की मशीन आज चालतंय ना. खिशात नोटा ठेवाच. बारा शब्द घरी ठेवून जा, हे सौ.चं म्हणणं मीही आता मानतो. सोयीला पाचपैकी चार तारे देतो, एक त्या कॅफेपायी कापला. रोजचा पैसा म्हणून मात्र एकच.

पुतण्याला लुगानोचं आणि उधारीचं हे म्हणणं मी त्या वर्षी दसऱ्याला सांगितलं. त्याला पटलं नाही. म्हणाला, उधारीचंच म्हणताय ना, मग माझी उधारी लिहा सातोशीत. दिवाळीचा सामान तो आमच्याकडूनच नेतो. रवा, मैदा, डालडा, सुकामेवा, तेलाचा डबा, मिळून सहा हजार झाले. २ ऑक्टोबर, मोबाइलवर भाव बघून दोघांनी हिशेब केला, सुमारे सत्तावन्न हजार सातोशी. वहीत लाल शाईने मी आकडा टाकला, त्याने शेजारी सही केली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो आला. मी वही उघडली. त्या दिवशीच्या भावाने सत्तावन्न हजार सातोशींचे चार हजार तीनशेच्या आसपास होत होते. मी म्हटलं, ठरल्याप्रमाणे दे, मला काही म्हणायचं नाही. तो बराच वेळ आकड्याकडे बघत राहिला. काउंटरवर त्या वेळी तेलाचे डबे उतरत होते, हमाल पावती मागत होता. मग त्याने मोबाइल काढला, साउंडबॉक्स वाजला, सहा हजार रुपये जमा.

"काका, माल सहा हजारांचाच होता की."

मी लाल आकड्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, रुपये ६,०००, बाकी नाही.